पोराला-पोरीला विमान शिकवायचे म्हटले तर



ऊस नोंदीच्या दिवसांत शेतकी कार्यालयाच्या ओट्यावर उसाखेरीज बाकी सगळ्या गोष्टी निघतात. विहिरीचा गाळ, डीपीचा फ्यूज, पोरीचे लग्न. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "पोरगं पायलट होतो म्हणते. किती एकर काढा लागन?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बारावी झालेली, गणितात हुशार असलेली मुले-मुली आज आपल्या गावागावांत आहेत आणि विमान चालवणे हे काही कोणाच्या घराण्याकडे लिहून दिलेले नाही. पण एकराचा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी डोळे-कान तपासावेत, मग परीक्षेचे विषय झेपतात का ते पाहावे, नंतर शिकवणाऱ्या संस्थेकडे चालू स्थितीतली विमाने किती आहेत ते विचारावे आणि मगच पैशाला हात घालावा. हा क्रम उलटा झाला की वावर जाते आणि परवानाही येत नाही. त्यासाठी ही माहिती सविस्तर देत आहोत.

सोनेगावची धावपट्टी

विमान ही नागपूरला नवी वस्तू नव्हे. सोनेगावचा तळ पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917-18 साली झाला. पण त्याचे खरे दिवस आले ते जानेवारी 1949 मध्ये, रात्रीची टपाल विमाने सुरू झाली तेव्हा. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चौघे नागपुरास भेटत, पत्रांच्या थैल्या आणि उतारू आपसांत बदलून घेत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जात. मुंबईला संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला मिळे. चार पांदणींच्या बंड्या एका चौकात याव्यात, माल बदलावा आणि उजाडायच्या आत घरी लागाव्यात, असा तो हिशेब. देशाच्या मधोमध असल्याचा फायदा नागपूरला इतका उघड क्वचितच मिळाला असेल. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ही सेवा बंद झाली.

या सेवेने किंमतही मोजली. डिसेंबर 1953 मध्ये नागपूरहून उडालेले डाकोटा विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि 13 जण गेले. जुने लोक अजून ती रात्र सांगतात. विमानशिक्षणाच्या जाहिरातीत असल्या गोष्टी नसतात. आम्ही मुद्दाम लिहितो.

सोनेगावच्या विमानतळाला 2005 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दिले गेले. तिथली धावपट्टी 3200 मीटर लांब आहे. तिच्या एका टोकाला 14 आणि दुसऱ्याला 32 असे भले मोठे आकडे रंगवले आहेत. कोणी म्हणतो तो धावपट्टीचा नंबर, कोणी म्हणतो लांबी. ती होकायंत्राची दिशा आहे, शेवटचे शून्य गाळून लिहिलेली. 14 म्हणजे 140 अंश, आग्नेयेकडे तोंड. 32 म्हणजे 320 अंश, वायव्येकडे. वारा ज्या बाजूने येत असेल त्या बाजूला तोंड करून उडायचे आणि उतरायचे. उपणताना वाऱ्याचे तोंड पाहणाऱ्या माणसाला हे निराळे शिकवावे लागत नाही. विमान ताशी 60 नॉटने उतरत आहे आणि समोरून 10 नॉटचा वारा आहे, तर जमिनीच्या हिशेबाने वेग 50 च राहतो. थांबायला जागा कमी लागते.

वैमानिक तयार करणारी नागपूर फ्लाइंग क्लब ही संस्थाही जुनी, स्वातंत्र्याच्या काळातली. विभागीय आयुक्त तिचे अध्यक्ष असतात. मधली काही वर्षे तिची उड्डाणे बंद राहिली. सोनेगावला मोठ्या विमानांची वर्दळ वाढल्यावर शिकाऊ उड्डाणांसाठी चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीचा पर्याय घेण्यात आला. गोंदियाजवळच्या बिरसी येथेही वैमानिकांचे शिक्षण चालत आले आहे आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने मोठी शिक्षणसंस्था उभारायला घेतली. थोडक्यात, विमान शिकायला विदर्भाबाहेर जावेच लागते असे नाही.

मैदानावर काय पाहावे

विमानतळ किंवा हवाई दलाचा तळ लोकांसाठी खुला ठेवण्याचे दिवस अधूनमधून येतात. नोव्हेंबर 2022 मध्ये हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडने वायुसेना नगरच्या मैदानावर 'एअर फेस्ट' भरवला होता. सूर्यकिरण पथकाच्या कसरती आणि आकाशगंगा पथकाच्या छत्रीधारी उड्या पाहायला नागपूरकरांनी मोठी गर्दी केली. अशा दिवशी मुलांना जरूर न्यावे. मात्र सगळा वेळ मान वर करून घालवू नये. आभाळातल्या कसरती पाहून शिकण्याची इच्छा होते, शिक्षण समजत नाही. ते समजायचे तर जमिनीवर उभ्या असलेल्या छोट्या विमानाजवळ जावे आणि त्याच्याबरोबरच्या माणसाला प्रश्न विचारावेत.

शिकाऊ विमान म्हणून देशात पिढ्यान्पिढ्या चालत आलेले यंत्र म्हणजे सेसना 152. दोन माणसांचे, वर पंख असलेले. इंजिन 110 अश्वशक्तीचे, म्हणजे आपल्याकडचे दोन-अडीच ट्रॅक्टर. तेल, माणसे, सगळे धरून जास्तीत जास्त वजन 757 किलो. उसाने भरलेली बंडी काट्यावर याहून जास्त भरते. जवळून पाहिले तर पत्रा इतका पातळ असतो की पाहणारा दचकतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वजन कमी ठेवणे हीच त्या यंत्राची कारागिरी.

उडण्याआधी वैमानिक विमानाभोवती फेरी मारतो तीही नीट पाहावी. टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल एका छोट्या नळीत काढून तो उजेडात धरतो. पाणी उतरले आहे का ते पाहतो. डिझेल इंजिनात पाणी गेल्यावर काय होते हे आपल्याला माहीत आहे, पण आपण ते दुरुस्तीच्या वेळी पाहतो आणि तो रोज, दर उड्डाणाआधी पाहतो. इंजिनाला मॅग्नेटो दोन आणि दर सिलिंडरला प्लगही दोन. एक मॅग्नेटो गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालावे म्हणून. उडण्यापूर्वी दोन्ही आळीपाळीने बंद करून तपासतात. हे सगळे तोंडपाठ असले तरी कागदावरची यादी वाचूनच करायचे, असा दंडक आहे. आपल्याकडे यादी वाचून मोटार सुरू करणाऱ्याला लोक हसतील. विमानात यादी न वाचणाऱ्याला बाहेर काढतात.

उचलते कसे

एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून (कंडक्टरचे लक्ष नसताना) पंजा थोडा वर कलता धरून पाहिलेला नाही असा माणूस विरळा. हात आपोआप वर जातो. पंख तेच करतो. पुढून येणारी हवा तो खाली ढकलतो आणि त्या बदल्यात स्वतः वर उचलला जातो. इंजिनाचे काम विमानाला वर ओढण्याचे नसून पुढे नेण्याचे आहे. उचलण्याचे काम पंखाचे.

आता पंजा फारच उभा केला तर? हात वर जायचा थांबतो आणि नुसता मागे ढकलला जातो. विमानाचे नाक फार वर उचलले की पंखावरून सरळ वाहणारी हवा फाटते आणि उचल एकदम कमी होते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडले म्हणजे स्टॉल झाला, असे पुष्कळांना वाटते; ते बरोबर नाही. इंजिन जोरात चालू असतानाही स्टॉल होतो. सेसना 152 साठी सरळ उडताना ही हद्द ताशी सुमारे 90 किलोमीटर. अंगाची पहिली ओढ असते नाक आणखी वर घेण्याची, आणि तीच चूक. नाक खाली करायचे, वेग घ्यायचा, मग वर यायचे. जमीन समोर दिसत असताना हँडल पुढे लोटायला शिकणे, हा या विद्येतला अवघड धडा. तो उंचावर, शिक्षक शेजारी असताना, पुन्हा पुन्हा गिरवून घेतात.

ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला एक फायदा आणि एक तोटा आहे. फायदा असा की ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, तसेच या विमानालाही असतात. जमिनीवर वळताना ती सवय कामाला येते. तोटा असा की हातातले हँडल फिरवले की गाडी वळते ही खोड अंगात मुरलेली असते. विमान जमिनीवर पायांनी वळवतात. पहिल्या दिवशी बहुतेक जण हँडल फिरवत बसतात आणि विमान सरळ गवतात निघते.

आणि आपली हवा! ऊन तापले की हवा विरळ होते. विरळ हवेत पंखाला उचल कमी, इंजिनाला जोर कमी, धाव जास्त. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आणि मे महिन्यात पारा 45 च्या घरात. त्यात दुपारी तापलेल्या वावरांवरून वर उठणारे झोत छोट्या विमानाला खड्ड्यातल्या बंडीसारखे हिंदकळवतात. म्हणून उन्हाळ्यात शिकाऊ उड्डाणे पहाटेची. पावसाळ्यात ढग, थंडीत सकाळचे धुके. म्हणून "अमुक महिन्यांत परवाना" असे कोणी छातीठोक सांगितले की त्याला विचारावे, पावसाळा धरला का?

दोनशे तास

कायद्याने शिकाऊ परवाना 16 व्या वर्षी मिळतो, खाजगी परवाना 17 व्या वर्षी आणि पगारावर विमान चालवण्याचा, म्हणजे व्यावसायिक परवाना 18 व्या वर्षी. व्यावसायिक परवान्याला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित असावे अशी अट चालत आली आहे. ती सैल करण्याची चर्चा 2025 साली झाली, तेव्हा अर्ज भरताना चालू नियम विचारून घ्यावा.

परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. त्यातले 100 तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून. त्यात 20 तास लांबच्या फेऱ्यांचे, आणि एक फेरी अशी की अंतर 300 सागरी मैल, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर, आणि वाटेत दोन वेगळ्या तळांवर पूर्ण उतरायचे. 10 तास केवळ यंत्रांकडे पाहून उडवण्याचे. 5 तास रात्रीचे, त्यात 10 वेळा उडणे आणि 10 वेळा उतरणे. प्रत्येक उड्डाण वहीत मिनिटासह मांडले जाते आणि काट्याच्या पावतीला आपल्याकडे जी किंमत तीच त्या वहीला असते. तिच्यात खोटी नोंद म्हणजे परवाना गेला समजावे.

लेखी परीक्षा वेगळ्या: हवाई नियम, दिशाशास्त्र, हवामान, विमानाचे तंत्र. शिवाय वायरलेसवर बोलण्याची परीक्षा. पास व्हायला शंभरात 70 लागतात. सगळे इंग्रजीतून. मराठी शाळेतल्या मुलाला ही भीती वाटते, पण वायरलेसचे इंग्रजी ठराविक शब्दांचे आणि ठराविक क्रमाचे असते. घोकून येते. हवामानाच्या विषयात तर आपली मुले शहरातल्यांपेक्षा मागे पडू नयेत. ढग कोणता पाण्याचा आणि कोणता नुसता गर्जणारा, हे ती लहानपणापासून बघत आलेली आहेत.

पहिले एकट्याचे उड्डाण किती तासांनी, ते ज्याच्या त्याच्या हातावर. वीस-पंचवीस तास सर्वसाधारण. एके सकाळी दोन-तीन फेऱ्या झाल्या की शिक्षक न बोलता पट्टा सोडून खाली उतरतो आणि एक फेरी एकट्याने मारून ये म्हणतो. साडेसातशे किलोच्या विमानातून सत्तर-ऐंशी किलो उतरले की ते सवयीपेक्षा लवकर उचलते आणि झपकन चढते. शेजारची खुर्ची रिकामी आहे हे मुलाला त्या चढण्यावरून कळते.

जोखीम

18 मार्च 2023 रोजी बिरसीहून उडालेले शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात डोंगरावर कोसळले. शिक्षक आणि शिकणारी मुलगी दोघेही गेले. 25 जुलै 2022 रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात एक सेसना उतरताना मोडली. तीत एकटी शिकाऊ मुलगी होती; ती जखमी झाली पण वाचली. पोराला पाठवणाऱ्या आईबापांनी या दोन्ही गोष्टी जाणूनच पाठवावे. संस्था पाहायला जाल तेव्हा विमाने किती यापेक्षा आज उडण्याजोगी किती, शिक्षक किती, मुले किती, हे विचारावे. बंड्या चार आणि तोडणारे चाळीस असले की काय होते ते आपण जाणतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय 2025 पासून अशा संस्थांची क्रमवारी जाहीर करू लागले आहे, तीही पाहावी.

हे विमान उद्या तुमच्या वावरातही उतरू शकते. इंजिन बंद पडले तरी विमान दगडासारखे पडत नाही, घसरत येते, आणि वैमानिक मोकळे रान शोधतो. उभा ऊस त्याला वरून हिरवा आणि मऊ दिसतो, पण तो चाकांना धरतो. तसे घडले तर पळत जावे, पण विडी-काडी दूर ठेवून. टाकीत पेट्रोल असते. पुढच्या पंख्याला हात लावू नये, थांबलेला असला तरी. 112 ला फोन करावा. माणसे बाहेर काढल्यावर विमानाचा एकही तुकडा हलवू नये. चौकशी त्याच तुकड्यांवरून होते.

एवढ्यावरून एक आणखी सांगतो. तळाच्या आसपास पाचट पेटवले की धुराने धावपट्टी दिसेनाशी होते, आणि मेलेले जनावर उघड्यावर टाकले की घारी गोळा होतात. एक घार विमानाची समोरची काच फोडू शकते. पाचट तर नाहीतरी जाळायचे नाही, कुजवायचे आहे. शेतकी खाते ते सांगून थकले.

पैसा

व्यावसायिक परवान्यापर्यंतचा खर्च आज देशात सहसा चाळीस-पन्नास लाखांच्या पुढे जातो. जाहिरातीतला आकडा बहुधा फक्त उड्डाणाच्या तासांचा असतो. राहणे-जेवणे, परीक्षा, वैद्यकीय तपासण्या, राहिलेले जादा तास हे वेगळे. परवाना मिळाल्यावरही कंपनीची मोठी विमाने चालवायला त्या त्या विमानाचे निराळे शिक्षण लागते आणि त्याचेही लाखांत पैसे पडतात. परवाना म्हणजे नोकरी नव्हे. परवाना खिशात घेऊन दोन-दोन, तीन-तीन वर्षे घरी बसलेली मुले आहेत, आणि न उडवलेल्या दिवसांत हात जड होतो, कागदांच्या मुदती संपतात.

म्हणून सुरुवात तपासणीपासून. दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी महासंचालनालयाच्या यादीवरील डॉक्टरकडे होते, नंतर पहिल्या वर्गाची. चष्मा असला तरी नजर चष्म्याने पूर्ण होत असेल तर चालते. रंग ओळखण्यात दोष असेल तर अडते. हा दोष मुलाला स्वतःला ठाऊक नसतो. काही हजारांत कळणारी गोष्ट सातबारा गहाण टाकल्यावर कळू नये. तपासणी झाली की घरी बसून लेखी विषयांचा अभ्यास सुरू करावा. दोन-तीन विषय सुटले तर पोराचा दम कळतो. मग संस्था. फी एकरकमी भरू नये. तासांच्या टप्प्याने भरावी, पावती घ्यावी, आणि विमान बंद पडले तर पैसे परत कसे मिळणार हे लेखी घ्यावे. मध्यस्थाच्या हातात रोख देऊ नये.

जमीन न विकता आभाळात जाण्याच्या वाटाही आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बारावीला भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित असलेला मुलगा साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात जाऊ शकतो, आणि 2022 पासून मुलगीही. शिक्षणाचा खर्च सरकारचा. प्रवेशपरीक्षा अवघड आहे, पण तिच्या तयारीसाठी राज्य शासनाने 1977 साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली. तिथे दहावीनंतर प्रवेश मिळतो. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला आहे. कॉलेजात एनसीसीचा हवाई विभाग असेल तर त्यात नाव घालावे, तिथे छोट्या मायक्रोलाइट विमानाचा अनुभव मिळतो.

आणि ज्याला गावातच राहायचे आहे त्याने ड्रोनकडे पाहावे. डोक्यावर गेलेल्या उसात पाठीवरचा पंप घेऊन माणूस शिरू शकत नाही, ड्रोन वरून फवारतो. 2021 च्या नियमांप्रमाणे त्याच्या चालकाला दहावी पास, वय 18 ते 65 आणि मान्यताप्राप्त संस्थेचे शिक्षण पुरते. केंद्र सरकारने 2023 साली महिला बचत गटांसाठी काढलेल्या योजनेत ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये, साहाय्य ठेवले होते. मात्र विमानतळाच्या परिसरात परवानगीशिवाय ड्रोन उडवणे गुन्हा आहे. आपले वावर कोणत्या पट्ट्यात येते ते डिजिटल स्कायच्या नकाशावर आधी बघून घ्यावे.